फोटोखालचं नाव

स्टॉक्टनजवळचं बेट, कॅलिफोर्निया
रविवार, २८ एप्रिल १९३५

मनांग सतुर,

आधी तुझी शंका फेडतो. खोकला गेला. मागच्या पत्रात सांगितलं, त्याच्या मागच्यातही सांगितलं, तरी थोरल्या बहिणीचं आपलं तेच. नेहमीसारखा मी बोलतोय आणि मनोंग दामियान लिहून घेतोय. तुला त्याचं नावसुद्धा नको असतं हे ठाऊक आहे, पण मला अक्षर काढता येत नाही त्याला मी काय करू? कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडलं तर ती माझ्यापेक्षा बरं लिहील. थोरल्या भावाचा एवढा तरी उपयोग व्हायला नको का? (हे वाक्य लिहायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, मुकाट्यानं लिही.)

सध्या शतावरीचा हंगाम. कोंब मातीतून वर आला की त्याच दिवशी कापावा लागतो, नाहीतर उन्हानं फुलतो आणि कुणी घेत नाही. लांब दांड्याची सुरी घेऊन दिवसभर वाकून चालायचं. या बेटावरची माती काळी, पिठासारखी. वारा सुटला की उडते आणि घामावर बसली की अंगभर खाज सुटते. म्हणून सगळेजण तोंडाला फडकं गुंडाळतात. मी तू विणलेलं गुंडाळतो. निळे-पांढरे पट्टे आणि कडेला तो एकच लाल धागा. आमचा मुकादम आपोलोन्यो म्हणतो, "काय रे तेलो, बहिणीनं नवरीची चादर पाठवली की काय?" मी म्हणतो, "तुला बहीण असती तर तुझ्याही नाकात माती गेली नसती."

आता खरी बातमी. मंगळवारी माझा फोटो काढला. स्टुडिओत नाही, वाफ्यात!

सरकारकडून एक बाई आली होती. उंच, नाक उन्हानं सोललेलं, मनगटावर पुरुषी घड्याळ. हातात हा एवढा कॅमेरा. मजूर कसे राहतात, काय खातात ते वॉशिंग्टनला दाखवायचं म्हणे. कॅमेरा दिसल्याबरोबर आमच्यातले तिघे सुऱ्या टाकून खोलीकडे पळाले. परत आले ते कोट घालून, टाय बांधून, केसांना खोबरेल तेल चोपडून, आणि खाली गुडघ्यापर्यंत चिखल. आपल्याकडे फोटो म्हटला की कोट पाहिजे, त्यांचं तरी काय चुकलं? बाई हात हलवायला लागली. नको, नको. आहात तसेच राहा. आमचा स्वैपाकी क्विंतिन भात घेऊन आला होता, तो म्हणाला, "बाई, आहोत तसे आम्हाला कोण बघणार? आमच्या आयांनी बघितलं तर आम्हीच मेलो." आपोलोन्योनं तिला इंग्रजीत काहीतरी वेगळंच सांगितलं असणार, कारण ती हसली.

कोटवाले रुसून बाजूला उभे राहिले. मी वाकलेला होतो तसाच कापत राहिलो. ती माझ्यापुढे मातीत गुडघे टेकून बसली. गोरी बाई, गुडघे मातीत! म्हणाली, वर बघ. मी बघितलं. फडकं काढू का म्हणून खूण केली तर म्हणाली, राहू दे. तेव्हा माझे फक्त डोळे आले असतील. माझी वाट बघत बसलेल्या प्रिस्काला सांग, डोळे झकास आले. बाकीचं तिनं आठवून घ्यावं. कधी येतोस म्हणून ती जे विचारते त्याचं उत्तर पुढच्या पत्री.

तुझा धाकटा,
तेलो

त्याच दिवशी, उन्हं कलताना

मनांग,

वरचं पत्र तेलोनं सांगितलेलं नाही. ते मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकट्यानं बसून लिहिलं, नक्कल या वहीत उतरवून घेतली आणि मूळ पत्र मघाशी क्विंतिनच्या हाती टपालाला दिलं.

तेलो गेला, मनांग. गेल्या सोळा सप्टेंबरला. आज सात महिने आणि बारा दिवस झाले.

हे पान मी पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहायला जमतंय. छातीत पाणी झालं होतं. आम्ही तेव्हा दक्षिणेला द्राक्षांच्या मळ्यांवर होतो. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं पाच दिवस होता. पुरताना सगळे आले. क्विंतिननं त्याचा एकुलता एक कोट तेलोच्या अंगावर घातला. आपोलोन्योनं बूट दिले. आपल्या रीतीप्रमाणे उघड्या शवपेटीभोवती उभं राहून फोटो काढला, घरी पाठवण्यासाठी. तो माझ्या ट्रंकेत तळाशी आहे.

त्या फोटोचं पाकीट मी तयार केलं होतं. खरंच केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. तेलोच्या नावे. त्यात तू विचारलं होतंस, खोकला गेला का? मी उत्तर लिहिलं, गेला. ते खोटं नव्हतं. खोकला गेलाच होता. तेवढी एक ओळ लिहिली आणि मग तिच्याखाली दुसरी आली, आणि तेलो माझ्या शेजारी बसून बोलतोय असं वाटायला लागलं. पाच वर्षं तो बोलायचा आणि मी लिहायचो. कुठं थांबतो, कुठं मला टोमणा मारतो, सगळं पाठ होतं. अक्षर पहिल्यापासून माझंच, त्यामुळे तुला संशय यायचं कारणच नव्हतं.

आणि आता दुसरंही कबूल करतो. गेल्या सहा वर्षांत तू मला एक ओळही लिहिली नाहीस असं नाही. एक लिहिलीस. एकोणतीस साली, तो आगबोटीत बसल्यावर. "पोराला तू त्या फोटोनं नेलंस. इथून पुढे मी फक्त त्याची पत्रं उघडीन." तो फोटो तुला आठवत असेल. पांढरा सूट, काळी मोटार, मी मोटारीला टेकलेला. सूट स्टुडिओचा होता, मोटारही स्टुडिओची होती, तिला इंजिनसुद्धा नव्हतं. इथला प्रत्येकजण त्याच मोटारीला टेकून फोटो काढतो आणि घरी धाडतो. मीही धाडला. तेलो तेव्हा अठराचा. तू त्याला आईच्या माघारी मांडीवर वाढवलेलं.

तर मनांग, आता तुझी पत्रं मी वाचतो. तू लिहितेस, पाय गरम पाण्यात बुडवून बस. मी बसतो. तू लिहितेस, माझ्या सोन्या. मी ते दोनदा वाचतो. मेलेल्या भावाच्या ताटातलं जेवतोय मी, आणि मला ते गोड लागतं. याहून नीच काय असतं मला माहीत नाही.

सॅलिनस
रविवार, ६ ऑक्टोबर १९३५

मनांग सतुर,

तुझं पत्र पोचलं. क्विंतिननं पाकीट हातात दिलं तेव्हाच म्हणाला, हे जड आहे, बाईंनी जीव ओतलाय.

तू लिहितेस, मास्तरांकडे अमेरिकेचं मासिक आलं, त्यांनी तुला बोलावणं पाठवलं, आणि तू माग तसाच टाकून धावलीस. पानभर फोटो. काळी माती, वाकलेला माणूस, तोंडाला फडकं, नुसते डोळे. खाली छापलंय, "शतावरी कापणारा फिलिपिनो मजूर, कॅलिफोर्निया." नाव नाही. आणि तू मास्तरांना म्हणालीस, "नाव नसलं म्हणून काय झालं? तो लाल धागा माझ्या हातचा आहे. साऱ्या इलोकोसमध्ये असा धागा सोडणारी मी एकटी. हा माझा तेलो." मग कोळशाचा तुकडा घेऊन फोटोखाली तूच नाव लिहिलंस, आणि मास्तरांनी ते पान शाळेच्या भिंतीला चिकटवलं. गावातल्या बायका बघून गेल्या. प्रिस्का रोज जाते.

होय मनांग. मीच तो.

डोळे म्हातारे दिसतात म्हणून रडलीस असं लिहितेस. रडू नकोस. ऊन तोंडावर होतं, त्यात डोळे बारीक करावे लागतात. फोटोत माणूस नेहमीच थकलेला दिसतो, म्हणून तर शहाणे लोक कोट घालतात.

फुकट बोटीचं विचारलंस. बातमी खरी आहे. ज्याला परत जायचं त्याला सरकार स्वतःच्या खर्चानं मनिलाला पोचवणार, फक्त पुन्हा इकडे यायचं नाही. क्विंतिन म्हणतो, "आम्हाला झाडून बाहेर काढायचंय. झाडू कितीही चांगल्या काडीचा असला तरी झाडूच." कुणीच अजून नाव दिलेलं नाही. इथं हॉटेलांच्या दारावर आम्ही नको म्हणून पाट्या आहेत, तरी लोक जात नाहीत. रिकाम्या हातानं गावात उतरायचं कसं? त्यांचे कोटातले फोटो घरी भिंतीवर मिरवतायत.

तेव्हा एवढ्यात माझं काही ठरलेलं नाही. प्रिस्काला सांग.

तेलो

स्टॉक्टन
रविवार, १७ नोव्हेंबर १९३५

मनांग,

तेलो बोलतोय. यावेळी थोडक्यात.

तू लिहितेस, बाताकच्या औषधवाल्या विधुराचं स्थळ प्रिस्काच्या वडिलांनी जवळजवळ पक्कं केलंय. तिनं जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत मुदत मागितली आहे. तोवर माझा निरोप आला, बोटीनं येतो म्हणून, तर ती वडिलांच्या तोंडावर नाही म्हणेल आणि आणखी सहा वर्षंही थांबेल. आणि तू म्हणतेस, हो की नाही ते यावेळी सरळ सांग, पोरीचं आयुष्य मागाच्या धोट्यासारखं इकडून तिकडे चाललंय.

तर सरळ सांगतो. तिला थांबू नको म्हणावं. माझं इथं जुळलंय. नाचघरात भेटली. केस पिवळे आहेत. गावातल्या मुली आता मला अडाणी वाटतात. प्रिस्काला म्हणावं, तिची पत्रं मी कधीच

त्याच दिवशी, तासाभरानं

क्विंतिननं कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

मी खाटेवर बसून लिहीत होतो. तो टपाल न्यायला आला आणि माझ्या खांद्यावरून वाचायला लागला. या माणसानं गेल्या वर्षभरात तेलोच्या नावाची आठ पत्रं टपालात टाकली. ज्याला स्वतःचा कोट घालून पुरला, त्याची पत्रं. एक शब्द कधी बोलला नाही.

"हे नेणार नाही," तो म्हणाला.

"तुला काय करायचंय?"

"आठ नेली. म्हटलं, भाऊ गेलाय, डोकं फिरलंय, येईल ताळ्यावर. बहिणीला गोड लिहितोय, लिहू दे. पण हे काय? मेलेला उठून बोलू शकत नाही म्हणून त्याच्या तोंडात शेण घालतोस?"

मी म्हटलं, "अरे, मुलगी सुटेल. चिडेल, चार दिवस रडेल आणि त्या विधुराशी लग्न करून मोकळी होईल. मेला म्हटलं तर जन्मभर काळं नेसून बसेल."

"ते तू कोण ठरवणार? सहा वर्षं आपण एका हलकटाची वाट बघितली असं तिला मरेपर्यंत वाटू देणार? तो तसा होता का?"

"क्विंतिन, तो माझा भाऊ होता. तू यात पडू नकोस."

"माझा कोट आहे त्याच्या अंगावर," क्विंतिन म्हणाला. "मी पडणार."

मग तो तिथंच जमिनीवर बसला, साठीचा माणूस, आणि रडायला लागला. तेलो त्याच्या चुलीवरून अर्धवट शिजलेली कारली पळवायचा आणि दोघांची रोज भांडणं व्हायची, तेवढंच मला ठाऊक होतं. त्याच्यासाठी रडणारा इथं दुसराही कुणी आहे हे मला चौदा महिन्यांत कळलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

स्टॉक्टन
सोमवार, १८ नोव्हेंबर १९३५

मनांग सतुर,

मी दामियान. आज मी कामावर गेलो नाही. या पाकिटात तुला माझ्या वहीतली सगळी पानं मिळतील, तारखेप्रमाणे लावलेली. पाठवलेल्या पत्रांच्या नकला, न पाठवलेलं एक, आणि काल अर्धवट राहिलेलं. ती आधी वाच आणि मग या पानावर ये. ती वाचल्यावर यायचं नसेल तरी पुढच्या दोन गोष्टी मला लिहिल्याच पाहिजेत, कारण त्या मी न पाठवायच्या पानावरसुद्धा लिहिल्या नव्हत्या.

पहिली. तेलोचा खोकला ऑगस्टपासून होता. तो मला म्हणाला, "मनोंग, दवाखान्यात जाऊ या का?" मी म्हटलं, द्राक्षं संपू दे. हंगामाचे अठरा दिवस राहिले होते, आणि मधेच सोडणाऱ्याला मुकादम पुढल्या हंगामाला घेत नाही. तो हो म्हणाला. तुला माहीत आहे, तो मला कधी नाही म्हणायचा नाही. पांढऱ्या सुटातला भाऊ होतो ना मी. अकराव्या दिवशी तो वेलींमध्ये आडवा झाला. दवाखान्यात नेल्यावर शुक्रवारी मी त्याला म्हटलं, उरलेला मळा उरकून रविवारी येतो. तो म्हणाला, "येताना माझं फडकं आण, इथल्या चादरी टोचतात." रविवारी दुपारी मी फडकं घेऊन पोचलो तेव्हा खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. सकाळीच गेला होता तो. त्याच्या उशाशी मी नव्हतो, मनांग. मी द्राक्षं तोडत होतो.

दुसरी गोष्ट त्या फडक्याची. ते त्याच्याबरोबर पेटीत जायला हवं होतं. मी ठेवून घेतलं. मला त्याचं काहीतरी हवं होतं, आणि त्याला तुझा हात लागलेला होता. फोटोवाली बाई आली तेव्हा ते माझ्या तोंडावर होतं. शाळेच्या भिंतीवर आहे तो मी. तो लाल धागा तुझाच, पण खालचा माणूस तेलो नाही. बाईनं वही काढून मला नाव विचारलं, आणि माझ्या तोंडून तेलोचं नाव निघालं. का ते मला सांगता येणार नाही. तिनं ते लिहून घेतलं, धन्यवाद म्हणाली, आणि मासिकात काही छापलं नाही. मला वाटलं, सुटलो. मग तू ते कोळशानं लिहिलंस.

पाकिटात पेटीभोवतीचा फोटो आहे. तो गावाला दाखवायचा की नाही ते तू ठरव. कोट क्विंतिनचा आहे, पायातले बूट आपोलोन्योचे. त्यानं ते परत घेतले नाहीत, तेही लिहून ठेवतो, कारण त्याला मी मागं बरंच काही बोललोय.

फडकंही पाठवतो आहे. धुतलेलं नाही. धुवायला घेतलं होतं, हात धजला नाही.

प्रिस्काला खरं सांग. तिला पत्रांसोबत ज्या चिठ्ठ्या आल्या त्यातल्या आधीच्या त्याच्या, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासूनच्या माझ्या. तिला म्हणावं, तो तापातसुद्धा तुझंच नाव घेत होता. नाही, हे खोडतो. मी तिथं नव्हतो, मला कसं माहीत असणार? एवढंच सांग, की पाच वर्षांत तो एकदाही नाचघरात गेला नाही आणि त्यावरून आम्ही सगळे त्याला चिडवायचो.

आणि मनांग, गुलगोल करा. मयत झालं की दुसऱ्या दिवशी घरच्यांनी पाण्यावर जाऊन आपली डोकी धुवायची असतात, आणि आपल्या तेलोसाठी कुणी धुतलेलीच नाहीत. इथं आम्ही सगळे पुरुष, ते करायला कुणी म्हातारी बाई नव्हती. क्विंतिन म्हणतो, म्हणूनच तो अजून माझ्या कानाशी बडबडतो.

माफी मागत नाही. तुला राग धरायला कुणीतरी हवं असेल तर मी आहे, एवढंच. पूर्वीसारखं.

दामियान

पावाय, इलोकोस नोर्ते
२ फेब्रुवारी १९३६

दामियान,

पाकीट तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी आलं. मी मागावर होते. आधी फडकं निघालं. मला वाटलं, तेलोनं नमुना परत पाठवला, असंच दुसरं विणून दे म्हणून. मी हसले. शेजारणीला म्हटलं, बघ, इतकं मळवलंय गाढवानं. मग कागद वाचले.

तुला लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. महिना पाळलं. मग वाटलं, बोलायचं नाही हे मी सहा वर्षं करून बघितलं, त्यातून काय निघालं ते समोर आहे.

एक ऐकून ठेव. तू माझे पंधरा महिने चोरलेस. त्या पंधरा महिन्यांत मी दोन लग्नांत नाचले. मे महिन्यात लाल नेसले. भाऊ मातीत आणि मी लाल नेसून मिरवणुकीत. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस. द्राक्षांचं मी काही बोलत नाही. ते तुझं तुला पुरेल.

प्रिस्काला मीच सांगितलं. ती रडली नाही. घरात जाऊन चिठ्ठ्यांची पेटी घेऊन आली आणि एकेक काढून विचारत गेली, ही कुणाची? ही तेलोची. ही? ही दामियानची. दोन गठ्ठे केले. तुझा माझ्या मांडीवर ठेवला आणि त्याचा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, "मनांग, बाताकच्या माणसाला मी नकार कळवला." मी म्हटलं, "अगं वेडे, आता कुणासाठी?" तर म्हणाली, "कुणासाठी नाही. सहा वर्षांनी पहिल्यांदा माझं मी ठरवलंय, ठरवू दे." तिचे वडील माझ्याशी बोलत नाहीत. न बोलणारा आणखी एक झाला.

गुलगोल गेल्या शनिवारी केलं. भाताचा पेंढा जाळला, राख पाण्यात कालवली, वर उसाची दारू ओतली. प्रिस्काचे केस मी धुतले, माझे तिनं. एक म्हातारी पुटपुटली, ही कोण लागते? लग्न तरी झालं होतं का? मी प्रिस्काच्या डोक्यावर आणखी एक लोटा ओतला. फडकंही त्याच पाण्यात धुतलं. काळी माती निघता निघेना. सगळा ओढा काळा झाला. एवढी माती तुम्ही लोक छातीत घेता?

काल शाळेत गेले. पोरांना सुट्टी होती. ते पान भिंतीवर आहे तसंच होतं. मी बाक ओढून त्याच्यासमोर बसले आणि डोळे बघितले. आधी बघितले होते तेव्हा मी म्हटलं होतं, अमेरिकेनं माझ्या पोराला म्हातारं करून टाकलं, आणि घरी जाऊन दोन दिवस जेवले नव्हते. ते डोळे तुझे होते. म्हणजे ते दोन दिवस मी तुझ्यासाठी रडले होते, दामियान. मला कुणी सांगितलं असतं तर रडले नसते. पण रडले ते रडले, आता परत घेता येत नाही.

ओलं बोट लावून खालचं नाव पुसलं. कोळसा नीट निघाला नाही. त्याच्यावरच तुझं लिहिलं. जवळ गेलं की दोन्ही वाचता येतात.

गुलगोलची मूठभर राख मडक्यात काढून ठेवली आहे. तुझं डोकं अजून धुवायचं राहिलंय. रिकाम्या हातानं कसं येऊ, हे मला लिहू नकोस. तुझे हात रिकामे आहेत ते मासिकात सगळ्या गावानं बघितलंय. बोट कधी सुटते तेवढं कळव, आणि पाकिटावर तुझं नाव घाल, मी उघडीन.

सतुर